प्रॉम्प्टरच्या हातातली प्रत

18 नोव्हेंबर 1882 ला ‘सौभद्र’ पहिल्यांदा रंगमंचावर आलं तेव्हा त्याचे तीनच अंक झाले. पाचही अंकांचा प्रयोग व्हायला पुढचा मार्च उजाडला. त्याच्या दोन वर्षं आधी, 31 ऑक्टोबर 1880 ला, पुण्यात ‘शाकुंतल’ झालं तेही सातांपैकी चार अंकांचं. आज कुणी असा प्रयोग लावला तर प्रेक्षक मध्यंतरातच तिकीट खिडकीवर जाऊन पैसे परत मागतील. तेव्हाच्या लोकांनी पदं गुणगुणत घर गाठलं आणि पुढच्या अंकांची वाट पाहिली. ही दोन्ही नाटकं रचणारे अण्णासाहेब किर्लोस्कर त्या काळात रेव्हेन्यू कमिशनरच्या कचेरीत नोकरीला होते. दिवसा दप्तर, मग तालीम, मधल्या फटीत पदरचना. एक नाटक गाजत असताना दुसऱ्याची जुळवाजुळव. 1884 ला त्यांनी ‘रामराज्यवियोग’चे तीन अंक आणले. पुढचे अंक आलेच नाहीत, कारण 2 नोव्हेंबर 1885 ला अण्णासाहेब गेले.

यापेक्षा मला जवळचं वाटतं ते सावनेर. राम गणेश गडकरी आजारपणात भावाकडे सावनेरला आले आणि 23 जानेवारी 1919 ला तिथेच वारले. वय 33. त्या दिवशी त्यांच्या नावावर काय काय उघडं पडलं होतं ते पाहा. ‘एकच प्याला’ लिहून झालेलं, पण पदं विठ्ठल सीताराम गुर्जरांची आणि पहिला प्रयोग अजून व्हायचा; तो बडोद्याला 20 फेब्रुवारीला झाला, लेखक गेल्यानंतर महिना भरायच्या आत. ‘भावबंधन’चा शेवट अंथरुणावरून सांगून लिहवून घेतलेला. ‘राजसंन्यास’ अर्धवट. ‘वेड्यांचा बाजार’ अर्धवट. शिवाय गोविंदाग्रज या नावाने कविता आणि बाळकराम या नावाने विनोद, हे वेगळंच. सावनेरला आता वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या, म्हणजे आमच्याच कंपनीच्या, कोळसा खाणी आहेत. तिकडे बदली झालेल्या मित्रांना मी दर वेळी विचारतो, गडकरी गेले ते घर पाहिलं का? ते विचारतात, कोण गडकरी, कोणत्या पाळीतले?

मी माजरीचा. वर्धा ते बल्लारशा या रेल्वेमार्गावर हे जंक्शन आहे. इथून एक फाटा वर्धा नदी ओलांडून वणीकडे आणि पुढे आदिलाबादकडे जातो. कोळशामुळे आमच्या गावाला जंक्शनपण आलं. या पट्ट्यात आगगाडी आली तीच मुळी वरोऱ्याच्या कोळशासाठी, एकोणिसाव्या शतकात. ती सरकारी खाण 1906 ला बंद पडली आणि कोळशाचा व्यवहार खाली बल्लारपूरकडे सरकला. 1973 ला देशातल्या खाणी सरकारी झाल्या, 1975 ला वेस्टर्न कोलफिल्ड्स आली, आणि माजरी, कुचना, शिवजीनगर या वसाहतींत तेलुगू, भोजपुरी, छत्तीसगढी आणि वऱ्हाडी एकाच नळावर भांडायला लागल्या. मी हाजरी घरात बाबू. माझं काम माणसांच्या नावांपुढे खुणा करायचं, आणि गेली कित्येक वर्षं झाडीपट्टीसाठी मी लिहितो त्या नाटकांच्या वह्यांमध्ये तीच सवय नेली आहे.

खरं सांगायचं तर माजरी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यात, मोडत नाही. आम्ही चंद्रपूर जिल्ह्याच्या पश्चिम कडेचे, कापसाचे आणि सोयाबीनचे. वरोऱ्याहून चिमूरकडे गाडी निघाली की हळूहळू काळी जमीन मागे पडते, बांध दिसायला लागतात, नागभीड येईपर्यंत सगळीकडे धान. मग ब्रह्मपुरी, वैनगंगेचा पूल आणि पलीकडे वडसा, कागदावरचं देसाईगंज. 26 ऑगस्ट 1982 ला गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तेव्हा वडसा त्या बाजूला गेलं, पण नाटकाला जिल्ह्याची हद्द कळत नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चारही जिल्ह्यांच्या धानपट्ट्यात हिवाळाभर रोज रात्री कुठे ना कुठे पडदा उघडतो. माझा मामा ब्रह्मपुरी तालुक्यातला. तो प्रॉम्प्टर होता. त्याच्यामुळे मी त्या जगात शिरलो.

झाडीपट्टीत नाटक आलं त्याच्या आधी दंडार होती आणि खडी गंमत होती. दोन्हींत लिहिलेली संहिता नव्हती. गण झाला, गवळण झाली, मग शाहिराने धागा धरायचा आणि गड्यांनी तो ओढत न्यायचा. नाच्या पोरगा, ढोलकी, तुणतुणं, आणि समोर गाव. ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचं, आणि लोक हसले तर पुढच्या गावात तेच पुन्हा. हरिश्चंद्र बोरकरांनी झाडीबोली आणि दंडारीवर आयुष्य घातलं म्हणून यातलं बरंच आज नोंदलेलं तरी आहे. नाहीतर दंडारीचा इतिहास लिहिणाऱ्याची अडचणच होती. जी गोष्ट दर रात्री बदलते तिची कोणती रात्र खरी म्हणून टिपायची?

छापील नाटकाचं पुस्तक गावात आलं ते बहुधा मालगुजाराच्या वाड्यातून. या भागात मालगुजारी होती. धान विकून हाताशी पैसा असायचा, नागपूरला जाणंयेणं असायचं, तिथे संगीत नाटकं पाहिलेली असायची. परत आल्यावर हौस. वाड्याच्या अंगणात पेटी वाजली, गावातल्याच पोरांनी लुगडी नेसून सुभद्रा केली. पण या पोरांचं रक्त दंडारीचं होतं. पुस्तकात असेल तेवढंच बोलून थांबणं त्यांना जमणारं नव्हतं. मला वाटतं झाडीपट्टीची सगळी गंमत आणि सगळी कटकट या एका गोष्टीत आहे : पुस्तक वरून आलं आणि जीभ खालून आली. मालगुजारी गेली, तरी हे दोन्ही राहिले.

वेळ मात्र शेतीने ठरवली. धान निघालं, भाऊबीज झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा. दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पटाला आलेले पाहुणे रात्री जाणार कुठे, म्हणून नाटक. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या, डिसेंबर 2021 मध्ये पुन्हा परवानगी मिळाली; मधली सात-साडेसात वर्षं पटाशिवाय गेली, तरी गावांनी नाटक सोडलं नाही. तेव्हा कळलं की बैलांच्या आधाराने उभं राहिलेलं नाटक कधीच स्वतःच्या पायावर चालायला लागलं होतं. गावाचं मंडळ नाटक ठरवतं, तिकिटं लावतं, उरलेल्या पैशातून मंदिराचं शिखर किंवा शाळेची भिंत होते. रात्री दहा-अकराला सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत. थंडी असते, बाया गोधड्या घेऊन येतात, पोरं त्यातच झोपतात.

या हंगामासाठी लिहायचं कसं, तर पावसाळ्यात. शेतकरी रोवणीत असतो तेव्हा आम्ही लेखक लिहीत असतो. वडस्याच्या नाटक कंपनीचा मालक आषाढात सांगतो, यंदा माझ्याकडे दोन खलनायक आहेत, एक गाणारी आहे, विनोदी जोडी मागच्याच वर्षाची आहे, म्हातारा मिळाला नाही. म्हणजे नाटकात म्हातारा नको. विषय तुम्ही निवडा, सर! एक कंपनी असेल तर ठीक. पण एकाच कंपनीवर लेखकाचं घर चालत नाही, म्हणून दोन-तीन वह्या एकदम उघड्या. दसऱ्याच्या आसपास तालमी लागतात आणि त्याही मोजक्या, कारण नट या कंपनीतून त्या कंपनीत फिरत असतो. आज हा सावकार, उद्या दुसऱ्या गावी दुसऱ्याच नाटकात फौजदार.

झाडीपट्टीचे नट डॉ. परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे. त्या वेळी सगळीकडे छापून आलं की त्यांनी सुमारे 5000 प्रयोगांत 800 भूमिका केल्या. लोकांनी पाच हजारांचा आकडा धरला. मी हाजरी बाबू असल्याने भागाकार केला. एका भूमिकेला सरासरी सहाच्या आसपास प्रयोग. काही भूमिका शेकडो वेळा झाल्या असतील, म्हणजे काही एकदोनदाच. सहा प्रयोगांत कोणतं वाक्य पाठ होतं? मुंबईचा नट एका भूमिकेची दोन महिने तालीम करतो आणि मग तीन वर्षं तीच करतो. खुण्यांसारखा माणूस आठशे वेळा नव्याने उभा राहिला. हे पाठांतराने होत नाही. त्याला नाटकाचा सांगाडा कळावा लागतो, समोरच्याचा श्वास कळावा लागतो, आणि विंगेत एक भरवशाचा माणूस लागतो.

तो माणूस म्हणजे प्रॉम्प्टर. जुन्या नाटक मंडळ्यांत प्रत्येक नटाला फक्त त्याच्या भाषणांची नक्कल उतरवून दिली जायची. पूर्ण नाटक एकट्या प्रॉम्प्टरकडे. आमच्याकडे अजून तसंच आहे म्हटलं तरी चालेल. मामा विंगेत लाकडी खोक्यावर बसायचा, वर गुंडाळलेल्या तारेला टांगलेला छोटा बल्ब, मांडीवर वही. मला त्याने शिकवलेला पहिला नियम असा : “नटाले पुरं वाक्य देऊ नको रे बापू. पयला शब्द दे. बाकीचं त्याच्याजवळ असते. पुरं देशीन तर तो तुयंच वाक्य बोलन, अन् ते मेलेलं लागते.”

मामाच्या वहीत खुणा असायच्या. लाल पेन्सिलीची आडवी रेघ म्हणजे हे आज गाळलं. समासात गोल म्हणजे इथे टाळी. नागमोडी रेघ म्हणजे इथे लोक चहाला उठले. नटाने पदरचं वाक्य टाकलं आणि ते जमलं तर मामा ते दोन ओळींच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात लिहून घ्यायचा, खाली गावाचं नाव. होळीपर्यंत त्या वहीत लेखकाचं नाटक आणि गावांचं नाटक असं दोन्ही मिसळून जायचं. मला कुणी झाडीपट्टीच्या इतिहासाची साधनं विचारली तर मी या वह्या सांगीन. जाहिरातीचे कागद टिकले, वर्तमानपत्रांत फोटो आले, पण प्रॉम्प्टरच्या वह्या पावसाळ्यात गळक्या छपराखाली सडल्या. त्यांतली एकही मोठ्या ग्रंथालयात माझ्या पाहण्यात नाही. वाईट एवढंच वाटतं की छापलेली नाटकं अभ्यासणाऱ्यांना वाटतं, नाटक त्यांच्या हातात आहे.

कायद्यालाही तसंच वाटतं. नाटकाचा प्रयोग करायचा तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून तपासून घ्यायची असते. या व्यवस्थेची मुळं इंग्रजांच्या 1876 च्या कायद्यात आहेत. 1907 च्या ‘कीचकवधा’त कीचक लॉर्ड कर्झनसारखा वागतो आहे हे प्रेक्षकांना कळायला वेळ लागला नाही, सरकारला बंदी घालायला 1910 उजाडलं. ते लिहिणारे खाडिलकर नाटककारही होते आणि ‘केसरी’तले पत्रकारही. एका हाताने अग्रलेख, दुसऱ्याने अंक. दोन्हींत एकच राग वेगवेगळ्या कपड्यांत. मंजूर झालेली संहिता गोठलेली असते. आणि पहाटे तीनला, लोक पेंगायला लागले की, विनोदी नट काय बोलेल ते त्या रात्रीवर असतं.

2016 चा हंगाम मला याच कारणाने लक्षात आहे. दिवाळी आटोपली, मंडया सुरू झाल्या आणि 8 नोव्हेंबरला पाचशे-हजाराच्या नोटा गेल्या. आमचा धंदा रोखीचा. तिकिटाला सुटे नाहीत, मंडळांकडे बयाण्याला पैसे नाहीत, नटांचा हिशोब उधारीवर. त्या वर्षी माझ्या एका नाटकात सावकार होता, गाठोड्यात नोटा लपवून बसणारा, आणि त्याचं गाठोडं तिसऱ्या अंकात चोरीला जायचं. आता त्या चोरीत दुःख कसलं राहिलं? मी माजरीहून फोनवर तो प्रवेश बदलून सांगितला : चोर गाठोडं उघडतो, नोटा पाहतो आणि परत आणून देतो. प्रॉम्प्टरने उतरवून घेतलं, त्याच रात्री झालं. सावकाराचं काम करणारा नट अनुभवी होता. चोराने गाठोडं परत दिल्यावर तो रडला. लोक हसता हसता गप्प झाले असं मला कळवण्यात आलं. पुढल्या वर्षी तो प्रवेश निरर्थक झाला आणि मी जुना परत टाकला. ते नाटक दोन्ही रूपांत खरं होतं असं मी मानतो, पण परीक्षकाला कोणती प्रत द्यायची असा प्रश्न आला तर मला उत्तर देता येणार नाही.

फेरलेखनाचं दुसरं एक रूपही आमच्या जवळचंच आहे. वर्धा नदीच्या पलीकडे यवतमाळ जिल्ह्यात पारवा नावाचं गाव आहे, महेश एलकुंचवारांचं. ते नागपुरात कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि नाटकं लिहीत. ‘होळी’ आणि ‘पार्टी’ या त्यांच्या नाटकांवर 1984 च्या सुमारास चित्रपट आले, एक केतन मेहतांचा, एक गोविंद निहलानींचा, आणि दोन्हींच्या पटकथेला एलकुंचवारांचाच हात लागला. म्हणजे स्वतःचं रंगमंचावरचं नाटक स्वतःच मोडून कॅमेऱ्यासाठी पुन्हा मांडायचं. आणि त्याच काळात ‘वाडा चिरेबंदी’. ते 1985 ला रंगमंचावर आलं. पुढे त्याच घरातल्या त्याच माणसांकडे ते पुन्हा गेले आणि ‘मग्न तळ्याकाठी’, ‘युगान्त’ झालं. 1994 ला चंद्रकांत कुलकर्ण्यांनी ही तिन्ही नाटकं सलग केली, नऊ तासांच्या आसपास. शहरांत त्याचं मोठं अप्रूप झालं. झाडीतला माणूस म्हणेल, नऊ तास? मग चहा किती वेळा?

पण इथे मला एलकुंचवारांचा हेवा वाटतो. त्यांची दुरुस्ती त्यांच्या हातात राहिली. आमची कधीच नव्हती. नायिका दुसऱ्या कंपनीत गेली की आईची भूमिका वाढते. लावणीवालीची गाडी उशिरा आली की दुसऱ्या अंकाला अर्धा तास ताणावा लागतो, आणि तो ताणण्यासाठी नोकराला विनोद पाहिजे. झाडीपट्टीच्या नाटकात नायक-नायिका पुस्तकी मराठी बोलतात आणि नोकर, भोळा गावकरी, विनोदी जोडी यांच्या तोंडी झाडीबोली. मला हे पहिल्यापासून खटकतं. आपल्याच बोलीला आपण हसवायच्या कामाला लावलं. तरीही खरं हेच की नाटकात जे जे नवं शिरतं ते याच बोलीतून शिरतं, कारण तिथे नटाला लेखकाची भीती नसते. नायकाचं भाषण दहा वर्षांत एका शब्दाने बदलत नाही. नोकराचं दर आठवड्याला बदलतं. आज मी जुन्या नाटकांच्या प्रती पाहतो तेव्हा नायक वाचवत नाही आणि नोकर जिवंत असतो.

आता चित्रपटाचं. जून 2022 मध्ये तृषांत इंगळे यांचा ‘झॉलीवूड’ आला, झाडीपट्टीच्या नाटकवाल्यांवरचा. आपली माणसं, आपले मंडप पडद्यावर बघून आमच्याकडच्या पुष्कळांना पटकथा लिहावीशी वाटली. मी त्यांतलाच एक. नागपूरच्या एका दिग्दर्शक मित्राबरोबर मी एका बंद होणाऱ्या भूमिगत खाणीची गोष्ट लिहितो आहे. त्याच वेळी वडस्याच्या कंपनीचं नाटक दुरुस्तीला आहे आणि आकाशवाणीसाठी एक श्रुतिका द्यायची आहे. तिन्हींत माजरी आहे, खाण आहे, बाप आणि मुलगा आहे. मी मुद्दाम तसं ठरवलं नव्हतं. हाताशी एवढंच होतं.

एक प्रसंग तिन्ही ठिकाणी आहे : बाप हाजरी घराच्या खिडकीशी येतो आणि रजिस्टरमध्ये मुलाचं नाव कापलेलं पाहतो. नाटकात हा प्रवेश मी तीन वेळा सांगतो. आधी बाबू सांगतो, मग बाप ते मोठ्याने वाचतो, मग नोकर येऊन विचारतो काय झालं मालक, आणि बाप पुन्हा सांगतो. शहरी समीक्षक याला पाल्हाळ म्हणतील. त्यांनी कधी मंडपाच्या शेवटच्या रांगेत, दव पडत असताना, शेजारच्या बाईच्या रडत्या पोरासकट नाटक पाहिलेलं नसतं. तिसऱ्यांदा सांगितलं की शेवटच्या रांगेतला माणूस उठून बसतो. श्रुतिकेत रजिस्टर दिसतच नाही, म्हणून पानं उलटण्याचा आवाज, बोट ओळीवरून सरकताना बापाने पुटपुटलेली नावं, एक नाव, दुसरं नाव, आणि मग तिथे थांबणं. पटकथेत मी तेच पुटपुटणं घातलं होतं. दिग्दर्शक मित्र म्हणाला, दादा, काहीच नको, फक्त बोट. मी त्याला म्हटलं, बोट दाखवून पोट भरत नाही. आमचं यावर चांगलंच वाजलं. शेवटी ते बोटच राहिलं, आणि पडद्यासाठी त्याचं बरोबर आहे. पण त्याच आठवड्यात मला नाटकाचा तिसरा अंक दुरुस्त करायचा होता आणि तिथेही मी संवाद कापत सुटलो. मालकाने वाचून विचारलं, “सर, बापाले का झालं? मुका झाला का?”

तेव्हापासून मी वह्यांना दिवस वाटून दिले. पहिल्या पाळीच्या आठवड्यात दुपारी घरी येतो, तेव्हा नाटक, कारण वसाहतीत गलका असतो आणि नाटकाला गलका लागतो. रात्रपाळीच्या आठवड्यात सकाळची झोप झाल्यावर पटकथा. गदिमा 1955-56 मध्ये दर आठवड्याला ‘गीतरामायणा’चं एक गीत देत होते, एकूण 56, आणि त्याच वर्षांत चित्रपटांसाठीही लिहीत होते, ‘दो आँखें बारह हाथ’ 1957 चा. त्यांना वह्यांचे दिवस वाटावे लागले नसतील. ती जात वेगळी.

पटकथेचा मला अजून एक जाच वाटतो. नाटक लिहिताना शेवटची दुरुस्ती कधीच नसते, म्हणून हात सैल राहतो. आज नाही जमलं तर नवरगावात बघू, नाहीतर सिंदेवाहीत. पटकथेत एक दिवस असा येतो की कॅमेरा चालतो आणि ते वाक्य तसंच राहतं, कायमचं. त्या धास्तीने आम्ही तिच्या प्रतीवर प्रती काढत बसलो आहोत आणि प्रत्येक प्रत आधीचीपेक्षा नेटकी होते आहे, थोडी निर्जीवही. मी मित्राला सुचवलं की चित्रीकरणाआधी ही पटकथा माजरीच्या वसाहतीत दोन रात्री मोठ्याने वाचू, नाटकासारखी. लोक कुठे उठतात ते पाहू. त्याला आधी हसू आलं. मग तो म्हणाला, पण मांडीवर वही घेऊन खुणा कोण करणार? मामा आता नाही. त्या कामाला मीच बसणार आहे, लाल पेन्सिल घेऊन, आणि वाचायला मित्राला लावणार आहे. खाणीतले निवृत्त लोक येतील, त्यांच्या बायका येतील. तेलुगू भाषकांना मराठी अर्धीच कळते, म्हणून ते कुठे कंटाळतात ते विशेष बघायचं आहे. ज्यांना शब्द कळत नाहीत त्यांनाही जर ते बोट कळलं तर मित्र जिंकला.

ते वाचन श्रावणात ठरलं होतं, पुढे ढकलावं लागलं. वडस्याहून फोन आला. गाणारी बाई मिळाली आहे, आवाज चांगला आहे, तिला तिसऱ्या अंकात एक पद आणि चौथ्यात एक पाहिजे. दोन पदं म्हणजे वीस-पंचवीस मिनिटं, आणि नाटक आधीच पहाटे साडेपाचपर्यंत जातं. सहाच्या पुढे गेलं की गावातली बायामाणसं पाण्याला आणि गोठ्याला निघतात, शेवटचा प्रवेश रिकाम्या मंडपात होतो. म्हणजे पंचवीस मिनिटं कुठून तरी कापायची. मालक म्हणतो फौजदार कापा. फौजदाराचं काम करणारा नट मालकाचा साडू आहे, हे त्याने मला सांगितलेलं नाही, पण मला ठाऊक आहे. म्हणून मी आता सावकाराच्या गाठोड्याचा प्रवेश काढून बसलो आहे. दोन्ही प्रती समोर आहेत, चोरीची आणि परत देण्याची, आणि यांतली कोणती लहान आहे ते मोजतो आहे.